नळीतला जोड

लहानूनं स्टेअरिंगच्या नळीच्या तोंडाशी रॉकेलची धार सोडली आणि बाटलीला बूच लावून तो मागं सरला. तेल आत उतरायला वेळ लागतो. एरवी अशा वेळी तो बिडी पेटवायचा, कारंज्याच्या सडकेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना हाका मारायचा. आज बिडीला हात लावायचीही त्याला लाज वाटत होती. समोर लोखंडी खुर्चीवर महादेवराव बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर किंतानात शिवलेलं दोन हात लांब पार्सल होतं.

"किती वेळ लागन?" महादेवरावांनी विचारलं.

"नळी वाकली जी. शाफ्ट आतमधी फसला आहे. मुरू द्या थोडं तेल."

महादेवरावांनी मान हलवली. पार्सल मुंबईहून आलं होतं. आर्वीच्या स्टेशनावर ते आठ दिवस पडून राहिलं, मग कोणीतरी निरोप दिला तेव्हा गडी जाऊन घेऊन आला. वर त्यांच्या मुलाचं, चंद्रभानचं नाव होतं, आणि चंद्रभानला जाऊन तोवर तीन आठवडे झाले होते. लाखेचे शिक्के अजून तसेच होते. म्हाताऱ्याचा अंगठा एका शिक्क्यावरून फिरत होता, नुसता फिरतच होता.

गाडी टपरीच्या मधोमध उभी होती. उभी कसली, बसली होती. दोन माणसांपुरती, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, तांबड्या रंगाची शर्यतीची गाडी. नागपूरचा कोणी गोरा साहेब देश सोडताना विकून गेला, आणि हात बदलत बदलत ती महादेवरावांकडे आली. एकुलता एक पोरगा बी.ए. झाला म्हणून त्यांनी घेऊन दिली. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती तरी हौस गेली नव्हती. गावात तिला सगळे 'तांबडी' म्हणत, घरच्या गाईला म्हणावं तसं. आता तिचं नाक आत गेलं होतं आणि डाव्या बाजूला चिंचेची साल अजून चिकटून होती.

तळेगावच्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे ते झाड आहे. रस्ता तिथं सरळ, सुतासारखा. दुपारचे चार, उजेड लख्ख, ना समोरून बैलगाडी, ना आडवं जनावर. आणि चंद्रभानची गाडी सडक सोडून थेट चिंचेवर गेली. पोलिसांनी पंचनामा केला, अपघात असं लिहिलं, गाडी महिनाभर ठाण्याच्या आवारात ठेवली आणि काल सोडली. नळी उघडून आत पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही. जे काय घडलं त्याचा पुरावा त्या नळीत होता, आणि हे लहानू आणि महादेवराव या दोघांनाच कळत होतं.

संक्रांतीच्या सुमाराला चंद्रभान स्वतःच गाडी घेऊन आला होता. चाक फिरवलं तरी गाडी वळायला उशीर करायची. लहानूनं खोलून पाहिलं तर शाफ्टच्या खालच्या टोकाचे दाते झिजून गुळगुळीत झालेले. नागपुरात सामान मिळेना. तेव्हा लहानूनं झिजलेलं टोक कापलं, एका मोडक्या ट्रकच्या शाफ्टचा तुकडा घेतला, वेल्डिंगनं जोड दिला आणि चार दिवस कानस चालवून हातानं दाते पाडले. लढाईच्या वर्षांत तो जबलपूरच्या फौजी वर्कशॉपात होता, तिथं शिकलेला हात. काम देखणं झालं. तरी त्यानं बजावून सांगितलं होतं, हा जोड दोन-तीन महिन्यांपुरता, नवा शाफ्ट मागवा. चंद्रभान हसून 'मागवतो' म्हणाला होता.

आणि लिंबू ठेवलं नव्हतं. पूर्वी लहानू दुरुस्त झालेल्या प्रत्येक गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवी, ते चिरडून गाडी बाहेर पडे. गेल्या दसऱ्याला त्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि लिंबू, नारळ, शेंदूर सगळं बंद केलं. चंद्रभानला त्याचं काही वाटलं नव्हतं, पण तो गेल्यावर गावाला वाटलं. गावाचं तोंड कोण धरणार? आधी म्हणाले, लिंबाविना गाडी काढली. मग म्हणाले, जोडच कच्चा होता. मग दोन्ही गोष्टी एकत्र करून म्हणाले, धर्म सोडला आणि हाताचं यश गेलं. ट्रकवाले पार पुढं अमरावतीला जाऊन काम करून घेऊ लागले. रूपराव पानवाल्याच्या ठेल्यावर लहानू आला की बोलणं बंद पडे.

खरं म्हणजे लोक बोलत होते त्याहून वाईट लहानू स्वतःशी बोलत होता. त्यानं चांगलं लोखंड घेतलं होतं का? टाका आतपर्यंत उतरला होता का, की वरवरच? रात्री कूस बदलताना त्याला तो जोड दिसायचा, आणि दर वेळी तो जोड तुटायचा. पंचवीस वर्षांचं पोरगं. बायको, भागीरथा, एकदा म्हणाली होती, "जे निंगन ते निंगन. लपवून नका ठेवजा." त्याला लपवायचं नव्हतंच. त्याला फक्त बघायचं होतं, आणि बघायची भीती वाटत होती.

"लहानू," महादेवराव म्हणाले. "मी तुले शिव्या द्याले नाई आलो."

"नाई जी."

"तुटला असन तर तुटला म्हण. मी ठाण्यात जाणार नाई. कोणाले बोलणार नाई. फक्त मले सांग." त्यांनी पार्सल थोडं उचललं. "हा नवा शाफ्ट त्यानं मागवला. ज्याले मराचं असते तो सामान कायले मागवन, सांग बरं? लोक काय काय बोलून राह्यले. तो चार महिने कोणाशी धड बोलत नव्हता, जेवत नव्हता, म्हणून बोलते. पण सामान मागवलं ना त्यानं."

लहानूनं यातलं 'तुटला' एवढंच ऐकलं. भ्यालेला माणूस आपल्यापुरतंच ऐकतो. तो उठला, कपाळ बाहीला पुसलं आणि पान्हा घेतला.

सडकेपलीकडे कडुनिंबाखाली दमणी, बसायची छोटी बैलगाडी, सोडलेली होती. तिच्यात मनकर्णाबाई बसल्या होत्या, महादेवरावांच्या घरच्या. टपरीत यायला त्या नाही म्हणाल्या होत्या आणि घरी थांबायलाही नाही म्हणाल्या होत्या. चैत्र संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. गड्यानं त्यांना पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवलेला इथून दिसत होता.

लहानूनं वरचा नट सोडला, चाक उपसून काढलं. खाली उताणा सरकून त्यानं खालची पकड मोकळी केली. तिथली पिन जागच्या जागी होती, दोन्ही पाय वाकवलेले, त्यानंच वाकवले होते तसे. मग नळी गाडीपासून सुटी करून त्यानं बेंचवर शिकंज्यात धरली, शाफ्टच्या टोकावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडी मारली. हललं नाही. दुसरी मारली. पार्सल खुर्चीवर ठेवून महादेवराव उठून जवळ आले.

सातव्या-आठव्या घावाला शाफ्ट बोटभर सरकला. लहानूनं हातोडी टाकली आणि दोन्ही हातांनी ओढायला घेतलं. मधे वाक आला होता तिथं तो किंचाळत, घासत बाहेर आला, काळ्या ग्रीसमधे माखलेला. आता एक वीतभर उरला होता. त्या वीतभरात जोड होता. लहानूनं डोळे मिटले आणि ओढलं.

टोक त्याच्या हातात आलं. दाते हाताला लागले, सगळे, करकरीत. त्यानं चिंधीनं ग्रीस पुसलं, रॉकेलनं धुतलं, उन्हात नेऊन पाहिलं. वेल्डिंगची वळी अंगठीसारखी सलग होती. तरी त्याचा विश्वास बसेना. आत भेग असली तर डोळ्याला दिसत नाही, आवाजाला कळते. त्यानं शाफ्टला मधोमध सुतळी बांधून तो आढ्याला टांगला आणि हातोडीनं हलकेच टिचकी मारली. भेग असेल तर लोखंड खोकतं. हे घंटेसारखं वाजलं, आणि बराच वेळ वाजत राहिलं.

"महादेवराव!" लहानू म्हणाला. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला होता आणि त्याचं तोंड आवरेना. "पाहा जी, जोड कायम आहे. दाता एक नाई उडाला. हा वाक आला तो झाडाच्या मारानं आला, वरच्या अंगाले. जोडाले काई नाई झालं. पिन बी जाग्यावर. माह्या हातचं काम नाई सुटलं जी. गाडी झाडाले लागेपर्यंत स्टेअरिंग ऐकत होतं. जिकडे फिरवलं तिकडे चाक—"

तो थांबला. आपण काय बोलतोय ते त्याला आत्ता ऐकू आलं.

महादेवराव टांगलेल्या शाफ्टकडे पाहत होते. तो अजून थोडा थोडा हलत होता.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले.

लहानूनं वाजवला.

"पुन्हा."

त्यानं पुन्हा वाजवला. तोच आवाज. महादेवरावांनी हात पुढं करून शाफ्ट धरला, तेव्हा तो गप्प झाला. मग ते मागं गेले आणि खुर्चीवर न बसता जमिनीवर पडलेल्या जुन्या टायरच्या कडेवर टेकले. गावात त्यांना कोणी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मंग हे काऊन मागवलं त्यानं?" त्यांनी विचारलं. पार्सलकडे त्यांनी बोट केलं नाही, पण दुसऱ्या कशाबद्दल ते विचारणार? आपण केवढ्या हौसेनं म्हाताऱ्याच्या हातची काठी काढून घेतली हे त्याला कळलं, आणि त्याला स्वतःच्या आनंदाची शिसारी आली. आपलं नाव धुतलं जावं म्हणून त्यानं महिनाभर जीव टांगणीला लावला होता. ते धुतलं गेलं, आणि धुतलेलं सगळं मळकं पाणी समोरच्या माणसाच्या अंगावर गेलं.

एक ट्रक धूळ उडवत तळेगावच्या दिशेनं निघून गेला.

"लहानू, तिले सांगू नको," महादेवराव म्हणाले. "ती आता येईन विचाराले. तुटला म्हणजो."

लहानूनं हातोडी बेंचवर ठेवली.

"एवढं कर. ती नाई वाचणार. जोड तुटला म्हण, पोरगा कसा वाचवाले पाहत होता म्हण. माह्यासाठी नको करू. तिच्यासाठी कर."

"मले नाई जमणार जी," लहानू म्हणाला, आणि आपला आवाज इतका स्थिर कसा याचं त्यालाच नवल वाटलं. "खोटं बोलणार नाई म्हणून शील घेतलं आहे मी. अन् शील एका बाजूले ठेवा. मी तुटला म्हटलं तर उद्या गाव काय म्हणन? पाहा, धरम सोडला, देवानं दाखवलं. माह्या एकट्याच्या डोक्यावर नाई राहत ते. साऱ्या वस्तीच्या डोक्यावर येते. लेकराबाळांच्या येते."

"मी तुले कधी काई मागितलं का रे?"

लहानूनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा बाप याच माणसाच्या दाराशी जन्मभर राबला होता. मेलेली ढोरं ओढली, निरोप पोचवले, रात्रीबेरात्री हाकेसरशी धावला, आणि त्यातलं काही कोणी मागितलं नव्हतं, ते मागायचंच नसे. हे सगळं लहानूच्या जिभेवर आलं. पण टायरवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला ते ऐकवायचं म्हणजे मेलेल्याला मारणं होतं. त्यानं सुतळी सोडून शाफ्ट खाली घेतला आणि उगाच चिंधीनं पुसत राहिला.

तेवढ्यात मनकर्णाबाई सडक ओलांडून आल्या. डोक्यावर पदर, पाय अनवाणी, डांबर तापलेलं असताना. आवाज थांबले म्हणून त्या आल्या असाव्यात. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला टायरवर बसलेलं पाहिलं.

महादेवराव धडपडत उठले. "तुटला वं तो," ते घाईनं म्हणाले. "जोडातूनच तुटला. मी म्हणत नव्हतो? पोराचा काई इलाज नव्हता."

मनकर्णाबाईंनी लहानूकडे पाहिलं. शाफ्ट त्याच्या हातात होता, अख्खा. दाखवला असता तर महिनाभराची सगळी बोलणी तिथंच मिटली असती. लहानूचा हात आपोआप पाठीमागं गेला. असं आपण का करतो आहोत, हे खोटं बोलणं झालं की नाही, त्याला काही कळत नव्हतं. पण दोन हात लांब लोखंडी दांडा पाठीमागं लपत नसतो. त्याचं टोक खांद्याच्या वर आलं होतं.

"आन इकडे," मनकर्णाबाई म्हणाल्या.

लहानू हलला नाही. तेव्हा त्या स्वतः पुढं आल्या आणि त्याच्या हातातून त्यांनी शाफ्ट घेतला. या बाईनं आजवर त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं, त्याच्या हातातलं कधी काही घेतलं नव्हतं. त्यांनी बोटं फिरवली, वेल्डिंगच्या वळीवर येऊन थांबली.

"हा तुहा जोड?"

"हो जी."

"कायम आहे."

"हो जी."

"आतून तुटला तो," महादेवराव म्हणाले. "वरून नाई दिसत. लहानू, सांग ना तिले."

"तुमी बसा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. पुष्कळ दिवस एकाच जागी ठेवलेली वस्तू उचलावी तशा त्या बोलल्या. "लहानूले कायले मधात घेता? मले ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"त्या दिवशी मी देवाजवळ दिवा लावाले गेली तर देवळीत त्याचं घड्याळ होतं. अंगठी होती. अन् तुमी बी.ए.च्या वक्ती देलेला पेन. ओळीनं मांडून ठेवले होते. तवा अजून ठाण्याचा माणूस आलाच नव्हता. मी वाट पाहत बसली. मंग आला."

महादेवरावांचं तोंड उघडं राहिलं.

"मी ते तांदळाच्या कणगीत लपवलं. तुमच्या नजरेस पडू नाई देलं." मग त्या लहानूकडे वळल्या. "महिनाभर लोक तुह्या नावानं बोलत होते. माह्या अंगणात येऊन बोलत. मी आयकून घेतलं. म्हटलं, बोलू द्या. जोड तुटला असं ह्यायले वाटलं तर हे जगतीन."

लहानूला राग आला. खरोखरच आला, पोटातून आला. त्याचं गिऱ्हाईक गेलं, झोप गेली, वस्तीतल्या बायांना विहिरीवर टोमणे बसले, आणि ही बाई सगळं ठाऊक असून दारं लावून बसली होती. बोलायला त्यानं तोंड उघडलं. मनकर्णाबाई शाफ्ट छातीशी धरून उभ्या होत्या, फिक्या लुगड्याला काळं ग्रीस लागत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं तोंड मिटलं. राग गेला नाही, पण ठेवायला जागा मिळेना.

महादेवराव पुन्हा टायरवर बसले होते. टपरीच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. पलीकडे गडी बैलांना चारा टाकत होता, आणि त्याला इथलं काहीच ऐकू जात नव्हतं.

"घड्याळ," महादेवराव म्हणाले. मग विचारलं, "तुले सापडलं तवा, चालू होतं?"

"हो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चाबी भरून ठेवलती त्यानं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाललं."